किलकॅरनमध्ये घास बाहेर ठेवत नाहीत

मेधा गेल्याचं यतिनला कळलं तेव्हा तो मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गला, फॉस्टर स्ट्रीटवरच्या दुकानात, शेंगदाण्यांच्या पिशव्या ट्रॉलीत टाकत होता.

रात्र नव्हती. भर दुपार होती. २००८ सालचा डिसेंबर. बाहेर रस्ता तापलेला.

हे आधीच सांगतो, कारण असल्या गोष्टींना लोकांना मध्यरात्र लागते. इथं जे घडलं ते उजेडात घडलं. त्यात पदरचं काही घातलेलं नाही. गावाची आणि माणसांची नावं तेवढी बदलली आहेत.

ट्रॉलीत तांदळाची गोणी होती. पोहे, गूळ, ज्वारीचं पीठ, तुपाचे डबे. दुकानदार हसला.

"शादी है क्या भाई?"

"बीवी को भूख लगती है," यतिन म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. नोराचा होता. नोरा म्हणजे मेधाची घरमालकीण, सत्तरी ओलांडलेली बाई. ती कधी फोन करत नसे.

"यतिन, तुझी बायको..."

"काय झालं?"

"मागच्या पायरीवर सापडली, लव्ह. आता काही करण्यासारखं नाही."

यतिननं रडायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. त्यानं विचारलं, "जेवली होती का ती?"



फोन बंद व्हायच्या आधी त्याला नोराच्या मागून एक आवाज ऐकू आला...

कुणीतरी चावत होतं. सावकाश. तोंड मिटून.

*

त्या वर्षांत आपल्याकडची पोरं विमानं भरभरून ऑस्ट्रेलियात येत होती. कुणी कुकरीचा कोर्स, कुणी हेअरड्रेसिंग, कुणी अकाउंटिंग. कोर्स निमित्ताला, डोळा पीआरवर, म्हणजे कायमच्या वास्तव्यावर. मेधानं वृद्धांच्या सेवेचा कोर्स केला आणि यतिन तिच्या व्हिसावर सांगलीहून आला. कोर्स संपल्यावर कुणीतरी सांगितलं, शहराबाहेर नोकरी धर, पीआर लवकर होतो.

मेधाला किलकॅरनच्या वृद्धाश्रमात नोकरी मिळाली. मेलबर्नच्या पश्चिमेला, गाडीनं अर्धा दिवस. यतिनची नोकरी डँडेनॉन्गच्या कारखान्यात होती, ती सोडून चालणार नव्हतं. तो सलिल नावाच्या मित्राबरोबर खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला मेधाकडे जायचा.

किलकॅरन म्हणजे आयर्लंडमधलं एक खेडं उचलून इथं आणून ठेवलेलं. गावाचं नावही तिकडचंच. एक चर्च, एक पब, बटाट्याची शेतं, शेतांना दगडी बांध. दीडशे वर्षांपूर्वी तिकडे बटाटा जमिनीत सडला, दुष्काळ पडला, तेव्हा एका गावची वाचलेली माणसं बोटीत बसून इथं आली. कबरस्तानात फिरलं तर तीच ती चार-पाच आडनावं. दुकानात तीच, पबमध्ये तीच.

माणसं बरी होती. मेधा वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचे पाय चेपून द्यायची, त्यांच्या गोष्टी ऐकायची. नोरानं तिला शेजारची दगडी कॉटेज स्वस्तात दिली होती.

काही गोष्टी मात्र वेगळ्या होत्या.

ऑस्ट्रेलिया असून त्या गावात बार्बेक्यू नव्हतं. घराबाहेर बसून कुणी खायचं नाही. कुत्र्याचं भांडंसुद्धा घरात. शाळेला निघालेलं पोर दारातून बाहेर पडायच्या आधी तोंडातला शेवटचा घास गिळायचं, आणि आई त्याच्या कपड्यांवरचा चुरा झटकून घ्यायची... आत.

आणि जेवताना कुणी आवाज करायचं नाही.

चर्चच्या हॉलमध्ये एकदा जेवण होतं. मेधानं सूप घेतलं आणि घरच्यासारखा भुरका मारला. तिची सवयच ती. आमटी असो, चहा असो, मेधाचा भुरका शेजारच्या खोलीत ऐकू जायचा. सांगलीला सासू म्हणायची, "सुनबाई जेवायला बसल्या, कळलं गं कळलं सगळ्या वाड्याला."

हॉलमध्ये सगळ्यांचे चमचे थांबले. कुणी मेधाकडे बघितलं नाही.

सगळे दाराकडे बघत होते.

"यांच्या आया फार कडक असाव्यात," मेधा नंतर यतिनला म्हणाली आणि खूप हसली.

*

सप्टेंबरात पितृपक्ष आला. यतिनचे वडील दत्तात्रयराव दोन वर्षांपूर्वी गेले होते. यतिन तेव्हा नुकताच आलेला, तिकिटाचे पैसे नव्हते. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

त्या वर्षी तिथी रविवारी आली. यतिन किलकॅरनला आला होता. मेधानं सकाळपासून उभं राहून सगळं केलं. खीर, वडे, अळूऐवजी पालकाची भाजी. सांगलीहून आई फोनवर होती. स्पीकर लावून ठेवला होता.

"घास बाहेर ठेवला का गं? कावळा शिवल्याशिवाय पानावर बसायचं नाही हं."

"ठेवते, आई. पण इथं कावळेच नाहीत."

"कावळे नाहीत असं गाव असतं होय?"

"त्यांना व्हिसा मिळाला नसेल," मेधा म्हणाली. आई हसली. यतिनही हसला.

पण खरं होतं ते. मेलबर्नमध्ये कावळ्यांचा नुसता उच्छाद. किलकॅरनच्या आभाळात एक पाखरू नव्हतं. यतिनच्या ते तोवर लक्षातच आलं नव्हतं.

केळीचं पान नव्हतं. मेधानं कागदी प्लेटमध्ये सगळं थोडं थोडं वाढलं आणि मागच्या दारात पायरीवर ठेवलं. जाळीचं दार ओढून दोघं आत उभी राहिली.

वाट बघितली.

बराच वेळ गेला. खिरीवर साय धरली.

आपल्याकडे कावळा शिवला नाही तर काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. जाणाऱ्याचं काहीतरी राहिलेलं असतं. घरच्यांनी हात जोडून शब्द द्यायचा असतो, की तुमचं राहिलेलं आम्ही करू.

यतिननं हात जोडले. पण शब्द फुटेना.

मग त्याच्यासाठी मेधा बोलली.

"बाबा, तो येऊ शकला नाही, मनाला लावून घेऊ नका. काय हवं ते घ्या. माझ्या दारातून कुणी उपाशी जाणार नाही. मी शब्द देते."

वारा नव्हता...

पण परसातलं गवत हललं.

कुंपणापासून पायरीपर्यंत... एका रेषेत.

"आला वाटतं," मेधा हळूच म्हणाली. आत फोनवरून आईनं काहीतरी विचारलं म्हणून दोघं क्षणभर मागे वळली. पुन्हा बघितलं तर प्लेट रिकामी होती.

पंखांचा आवाज नाही. शिताचा कण सांडलेला नाही.

मेधानं प्लेट उचलली. ती ओली होती. चाटून चाटून कागद मऊ पडला होता. आणि कडेला दातांच्या खुणा होत्या...

माणसाच्या दातांच्या.

"कुणाचं तरी पोर असेल," यतिन म्हणाला.

कुंपणापलीकडे नोरा उभी होती. तिचं लक्ष प्लेटकडे होतं. तोंड पांढरं पडलं होतं.

"कुणाला वाढलंस तू?" तिनं विचारलं.

"आमच्या सासऱ्यांना," मेधा म्हणाली. "आमच्यात असतं तसं."

नोरा तशीच वळली. घरात गेली. तिच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मग शेजारच्या घराची. मग तिसऱ्या घराची...

दुपारी, लख्ख उन्हात, सगळ्या गल्लीनं दारं लावून घेतली.

*

मेधाला भूक लागायला लागली.

आधी चेष्टा झाली. आईनं फोनवर विचारलं, "काही गोड बातमी आहे का गं?" डॉक्टरनं तपासलं. तसं काही नव्हतं.

ती खायची. भात, पोळ्या, पाव, बटाटे. उठून पुन्हा खायची. आणि दर सुट्टीला यतिनला ती आधीपेक्षा वाळलेली दिसायची. बांगडी कोपरापर्यंत वर सरकायला लागली.

तो तिला मेलबर्नला घेऊन आला. मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. सलिलनं चार जणांचा स्वयंपाक केला होता. मेधानं एकटीनं संपवला आणि रिकाम्या पातेल्याकडे बघत रडायला लागली.

"वहिनी, रडताय काय? अजून टाकतो ना," सलिल म्हणाला.

"अरे, मी वाढून घेते," ती म्हणाली. "तोंडापर्यंत नेते. आणि मला काही राहतच नाही."

यतिनच्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जेवताना तिचा भुरका ऐकू आला नव्हता. एकदाही नाही. चावण्याचा आवाज मात्र येत होता.

ती बोलत असतानाही.

रजा संपली. नोकरी गेली तर व्हिसा गेला. मेधाच म्हणाली, "पीआरला थोडेच महिने राहिलेत. इथं आले तरी भूक लागतेच, मग तिथं काय वाईट?" यतिननं तिला परत सोडलं.

फोन रोज व्हायचा.

"जेवलीस?"

"जेवतेय."

"कुणी आलंय का?"

"नाही रे. का?"

यतिन फोन कानाशी घट्ट धरायचा. तिच्या मागे चावण्याचा आवाज यायचा. एका तोंडाचा नाही... पुष्कळ तोंडांचा. पंगत बसावी तसा. पण पंगतीला गलबला असतो. इथं कुणी बोलत नव्हतं.

मग ती म्हणायला लागली, "यतिन, इथल्या बायका मला बघून दारं लावतात रे."

दुकानात गेली की पाटी उलटी फिरायची. बंद. काचेतून आतली माणसं दिसायची. वृद्धाश्रमात तिला स्वयंपाकघराकडे फिरकू नकोस म्हणून सांगितलं. ज्या म्हातारीचे पाय ती चेपायची, ती म्हातारी तिला बघून आपल्या बशीवर हात धरायची.

*

यतिन पुढच्या सुट्टीत नोराच्या दारात गेला. नोरानं दार उघडलं, पण जाळीचं दार लावलेलंच ठेवलं. ती आत. तो पायरीवर.

"सांग मला," तो म्हणाला. "तुला माहीत आहे."

नोरानं त्याच्या मागच्या गवतावरून नजर फिरवली. मग तिनं सांगितलं. आवाज चढला नाही की उतरला नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

तिकडच्या किलकॅरनमध्ये बटाटा सडला तेव्हा सगळ्यांचाच सडला. पण काही घरांनी जमिनीखाली ओटचे दाणे पुरून ठेवले होते. ज्यांच्याकडे नव्हते ते दारात येऊन बसले. आधी मागायचे. मग नुसते बसायचे. घरातले दार लावून जेवायचे. चावल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंड मिटून, हळू. बाहेरच्यांना सांगायचे, उद्या या.

"आणि?"

"ते उद्या यायचे," नोरा म्हणाली. "शेवटी त्यांनी दारातलं गवत खाल्लं. तोंडं हिरवी झाली होती, असं माझी आजी सांगायची. तिला तिच्या आजीनं सांगितलं होतं."

"म्हणजे ते तुमचे पूर्वज."

नोरानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"नाही, लव्ह. जे बाहेर मेले त्यांचं पुढे कुणी राहिलंच नाही. आम्ही सगळे दाराच्या आतल्यांचे."

यतिननं पायाखालच्या पायरीकडे बघितलं.

"बोटीतून आम्ही एकटे आलो असं वाटलं होतं," नोरा म्हणाली. "ते मागोमाग आले. दारात बसतात. कुणी दिलं नाही तर काही करत नाहीत. नुसते बसतात. दीडशे वर्षं इथं कुणी काही दिलेलं नाही. तुझ्या बायकोनं दिलं. वर शब्दही दिला."

"शब्द आमच्या बाबांना दिला होता!"

"ऐकणारे हे होते."

"मग आता करायचं काय? तू मदत कर. तुझ्याच लोकांचं पाप आहे हे. तू त्यांना काहीतरी वाढ, म्हणजे ते तुझ्याकडे..."

बोलता बोलता त्याला कळलं आपण काय म्हणतोय. तिलाही कळलं.

आत, नोराच्या मागे, टेबलावर तिचं ताट होतं. पाव, लोणी, वाफ निघणारा बटाटा. तिनं मागे वळून बघितलं आणि मग हात दारावर ठेवला.

"उद्या ये," नोरा म्हणाली.

आणि दार लावून घेतलं.

*

यतिननं नोकरी सोडायचं ठरवलं. पीआर गेला खड्ड्यात. डिसेंबरचा पगार घ्यायचा, गाडी भरून किराणा घ्यायचा, मेधाला उचलायचं आणि सांगलीला जायचं. आई आहे, डॉक्टर आहेत, देव आहेत. तिकिटं काढली होती. म्हणूनच तो त्या दुपारी दुकानात होता.

आदल्या दिवशी मेधाशी शेवटचं बोलणं झालं. आवाज अगदी खोल गेला होता.

"यतिन, येताना चिवडा आण. पातळ पोह्यांचा."

"आणतो. अजून काय?"

"आमटी कर. तुझ्या हातची. पाणचट असते, पण कर."

"पाणचट काय गं?"

ती थोडं हसली. मग म्हणाली, "ते घरात येत नाहीत रे. पायरीवरच बसतात. मीच आत बसून जेवते ते बरं दिसत नाही. मला वाटतं, आपण बाहेर जाऊन..."

"मेधा, दार उघडू नकोस. ऐकतेयस ना? मी उद्या येतो."

मी उद्या येतो.

तो असं म्हणाला.

*

पोलिसांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. अशक्तपणा. घरात अन्न भरपूर होतं, मग ही अशी कशी, हे त्यांनाही कळलं नाही. तपासणीत पोटात अन्नाचा कण सापडला नाही.

यतिननं तिला बघितलं. चेहऱ्याची नुसती हाडं राहिली होती. त्यानं ओठ नीट मिटवायला हात लावला.

दात हिरवे होते.

कॉटेजच्या मागच्या पायरीवर तिचं ताट पडलेलं होतं. चाटून लख्ख केलेलं. पायरीभोवतीचं गवत दाबलं गेलं होतं... खूप जण मांडी घालून बसून उठल्यासारखं. मधला एक तुकडा मुळापासून उपटलेला. त्या मातीत मेधाच्या नखांच्या खुणा होत्या.

अंत्यविधी मेलबर्नला झाला. किलकॅरनहून कुणी आलं नाही.

दहाव्या दिवशी सलिलनं सगळं जमवलं. एक भटजी शोधले. डँडेनॉन्गच्या ओढ्याकाठी, झाडाखाली, पानावर पिंड ठेवला. शेजारी वाटीत आमटी ठेवली. यतिननं स्वतः केली होती. पाणचटच झाली होती.

तिथं कावळे होते. झाडावर ओळीनं बसले होते. तान्हं पोर रडल्यासारखं ओरडत होते.

"आता येतील," सलिल म्हणाला.

एक कावळा खाली झेपावला. अर्ध्यात आला... आणि घाबरल्यासारखा फिरून वर गेला. मग सगळेच उडाले. एकदम. आभाळ रिकामं झालं.

वारा नव्हता.

ओढ्याकाठचं गवत वाकत वाकत येत होतं.

"यतिन, हे काय आहे?" सलिलचा आवाज फुटला. भटजी मंत्र म्हणायचे थांबले.

यतिन हलला नाही. त्याच्या डोळ्यांदेखत पिंड लहान होत गेला. वाटीतली आमटी खाली गेली. चावण्याचे आवाज यायला लागले. हळू, मिटल्या तोंडांनी. तो कान देऊन एकच आवाज शोधत होता. एक भुरका. एवढा एकच.

तो आला नाही.

पान कोरडं झालं. आवाज थांबले. मग मागे, गवताच्या शेवटच्या टोकाला, गर्दीमागे उभं राहून कुणी बोलावं तसं... अगदी ओळखीचं...

"मला काही राहिलंच नाही रे."

सलिलनं ते ऐकलं. भटजींनी ऐकलं. भटजी दक्षिणा न घेता गेले आणि नंतर त्यांनी यतिनचा फोन कधी उचलला नाही.

*

यतिन अजून डँडेनॉन्गला आहे. दार लावून जेवतो. तोंड मिटून, हळू. जेवताना मध्येच थांबतो आणि ऐकतो.

आई थकली आहे. दर पितृपक्षात तिचा फोन येतो. म्हणते, "अरे, तिथं नाही जमलं तर इथं ये. नाशिकला करू. पोरीचा जीव किती दिवस उपाशी ठेवणार?"

तो म्हणतो, "बघू, आई."

तो जात नाही. ते बोटीनं माणसांच्या मागोमाग आले होते. विमानानंही येतील. सांगलीच्या घरात आई एकटी आहे, आणि ती रोज दारात कावळ्याला घास ठेवते.

मेधाला जाऊन इतकी वर्षं झाली. तिचा पिंड तिला अजून पोचलेला नाही. यतिननं पुन्हा ठेवलेला नाही.